एक्याण्णवच्या वर

फैजपूरच्या डॉक्टरनं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली
आणि विचारलं, हा हात कधी मोडला होता?

कोणतं सांगू?
कोपराखाली जी पांढरी गाठ दिसते
ते रुबाबचं पहिलं वर्ष.
तेव्हा पॅड नव्हते. पोत्याचे चार पदर
सुतळीनं हाताला बांधून मी उभा राहायचो
केळीच्या रिकाम्या वखारीत,
वर पत्रा तापलेला,
आणि तो यायचा दिवसभर घड वाहून,
खांद्यावर चिकाचे काळे डाग,
सोळा वर्षांचा, दाराएवढा.
मार, म्हणायचो.
लागीन सर तुम्हाले.
मार भो.

रुबाब तडवी. वजन एक्याण्णवच्या वर.
त्या गटाला वरची हद्द नसते,
आणि जिल्ह्यात दुसरा माणूसही नसतो.
तीन वर्षं, तीन सुवर्ण,
एकही लाथ न मारता.
समोरचा कोपरा रिकामा.
पंच त्याचा हात वर करायचे, टाचा उचलून.
जायदाबाईनं पदकाला दात लावून पाहिला.
कोणाले हारवलं रे?
कोणालेच नाही.
मंग हे कशाचं?

रांचीला पहिल्यांदा समोर कोणी उभं राहिलं.
हरियाणाचा फौजी, मान नसलेला.
दुसऱ्या फेरीत रुबाबचं नाक फुटलं
आणि तो माझ्याकडे वळून हसला, लाल दातांनी,
जत्रेत हरवलेलं पोर
घरचं माणूस दिसल्यावर हसतं तसा.
मग उजवा पाय.
तो आवाज मला ठाऊक होता.
फौजी हळू बसला, बैल बसतो तसा, पुढचे गुडघे आधी,
आणि दोरांच्या बाहेर
माझा हात दुखला.

चार वर्षं पट्टा सावद्यात राहिला,
गव्हाच्या कोठीत, कारण कपाट नव्हतं.
बॅनरवर त्याच्यापेक्षा मोठे फोटो ज्यांचे होते
ते म्हणाले, नोकरीचं बघतो.
जळगावला ज्या खिडकीवर गेलो
तिथली यादी वेगळी,
पण सगळ्या याद्यांत कराटेनंतर थेट कुस्ती.
बाबूनं दोनदा बोट फिरवून दाखवलं.
मधे जागाच नव्हती.

ताश्कंद. त्रेचाळीस सेकंद.
मला आधी त्याची पाठ दिसली, मग तळपाय.
विमानात म्हणाला, सर, तिथं छताला पंखा नव्हता.
भुसावळ येईपर्यंत एवढंच.
त्यानंतर गुडघा,
त्यानंतर दुसरा गुडघा.

आता तो रावेर रस्त्यावर
वजनकाट्यावर बसतो.
ट्रक चढतो, तो आकडा वाचतो.
भरल्यातून रिकामा वजा केला की केळी.
दिल्लीकडचे ड्रायव्हर त्याला पैलवान म्हणतात.
पूर्वी तो दुरुस्त करायचा.

परवा गेलो, फिल्म घेऊन.
त्यानं खिशातून चष्मा काढला. चष्मा लागलाय हे मला माहीत नव्हतं.
हाडावरून बोट फिरवत गेला:
हे नाशिकच्या आधीचं.
हे तुम्ही सुतळी ढिली बांधली होती त्या दिवसाचं.
हे माझं नाही.
तुझंच आहे.
नाही सर, तुम्ही हिंगोण्याच्या नाल्यात
गाडीवरून पडले, तव्हाचं हे.
खरं होतं ते. मी विसरलो होतो,
सगळंच त्याच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो.

चहा आला. स्टूल लांब होतं.
ते ओढायला त्यानं बसल्या जागी पाय उचलला
आणि माझा डावा हात,
जो हल्ली शर्टाच्या बाहीतसुद्धा
दुसऱ्या हाताच्या मदतीनं जातो,
गालापर्यंत वर आला.
चहा फिल्मवर सांडला.
पाय तसाच अधांतरी,
हात तसाच.

काट्यावर ट्रक केव्हाचा उभा होता,
हॉर्न वाजवत.